मुठीचा तांदूळ

‘मूठ बाई मूठ, मूठ देवाच्या नावाची,
भूक निवू दे रे बाबा अडल्या जीवाची…’

तांदूळ धुवायच्या आधी सासूबाई रोज हे गुणगुणायच्या. तंजावरच्या राजवाड्यामागच्या बोळातलं ते एकुलतं ख्रिस्ती मराठी घर. वसुमती नवी नवरी होऊन तिथं आली, तेव्हा चुलीपाशी तिनं ऐकलेला पहिला सूर हाच. आधण ठेवलं की तांदळाची एक मूठ कोपऱ्यातल्या मडक्यात पडायची. मडकं भरलं की चर्चमध्ये जायचं, आणि तिथून ज्याची चूल थंड त्याच्या घरी. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक घरात असं एक मडकं होतं. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं लोटली, पण वसुमतीची मूठ कधी चुकली नाही.

आता तोच तांदूळ तिच्या दारात येत होता.

तिचे यजमान तुळजाजी सुतार. चर्चमधली निम्मी बाकं त्यांच्या हातची. पोंगलच्या सुमारास रंधा मारता मारता कोसळले ते कोसळलेच. उजवं अंग गेलं, जीभ गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हापासून मंडळीनं हे घर तळहातावर झेललं होतं. कुणी अंथरुणं धुऊन आणी, कुणी पाठीला तेल चोळी. पुरुषमाणसं कामावर जाता जाता आत डोकावत आणि तुळजाजींना कुशीवर वळवून जात. कुणाला बोलवावं लागलं नाही, कुणी उपकार बोलून दाखवला नाही.

तांदूळ आणायची ज्ञानम्मा. कमरेवर पिशवी, कपाळावर घाम आणि तोंडाची टकळी चालू.

“घे अक्का. यातली माझी मूठ निवडलेली आहे हो. त्या पोस्टमास्तरीणबाईंची तेवढी बघून घे. त्या किडेसुद्धा देवालाच वाहतात!”

वसुमतीला हसू आलं. “आणि तुझी मूठ मी ओळखायची कशी गं?”

“सगळ्यात मोठी ती माझी. हात बघ ना, सूप आहे नुसतं!”

ती गेली की वसुमती उंबऱ्याच्या उजेडात ताट घेऊन बसे. कुणाच्या घरी कच्चा तांदूळ शिजे, कुणाच्या घरी उकडा. कुणाचा जुना, कुणाचा परवाच मळणी झालेला. सगळा एका पातेल्यात पडला की कच्चा विरघळून जाई आणि उकडा तसाच टणक राही. धडधाकट माणसाला त्याचं काय! पण तुळजाजींच्या कांजीत, त्या पातळ पेजेत, एक कण अख्खा राहिला तरी तो घशात बसे. मग ठसका. डोळे पांढरे, ओठ निळे, आणि पाठीवर थापा मारणारी वसुमती.

म्हणून ती दाणा दाणा वेगळा करी. पांढरा इकडे, पिवळसर तिकडे. डोळ्यांना नीट दिसेना झालं, तेव्हा बोटांनी चाचपून. ज्ञानम्माला कसं सांगायचं? पन्नास घरांनी आपल्या पोटातून काढून दिलेलं तुमचं प्रेम माझ्या माणसाच्या गळ्याला फास होतंय, हे कुठल्या तोंडानं बोलायचं?

एका दुपारी तिनं नुसता कच्चा तांदूळ घेतला, मऊ शिजवला, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळला. वाटीत दुधासारखं पाणी उरलं, कण म्हणून नाही. तिला वाटलं, आज जमलं.

पहिल्याच चमच्याला ठसका लागला.

तेव्हा तिला कळलं, दोष तांदळाचा नव्हताच. इतके दिवस आपण उगाच दाण्यांवर राग काढत होतो. घसाच मिटत चालला होता. त्याला कुठलं सूप, कुठली चाळण?

श्वास जागेवर आला तसं तुळजाजींनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या. कित्येक महिन्यांनी शब्द आला.

“पुरे.”

“कांजी पुरे? बरं, मग थोड्या वेळानं देते.”

त्यांनी मान हलवली. तिच्याकडे पाहिलं, मग वर कौलांकडे पाहिलं. “पुरे गं.”

वसुमतीला समजलं. पण आपल्याला काही समजलंच नाही असं दाखवत तिनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि चमचा पुन्हा पुढं केला. तुळजाजींनी मुकाट तोंड उघडलं, आईपुढं लेकरू उघडतं तसं. चमचा वाटीत ठेवून ती परसात गेली आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळी प्रार्थनेला जमली. त्यांच्यात रीत अशी की, प्रार्थनेआधी उपदेशियार, म्हणजे चर्चचे उपदेशक, घरच्यांना विचारणार, काय मागायचं? घर जे सांगेल तेच सगळ्यांनी मिळून मागायचं, वर आपलं काही घालायचं नाही. पोंगलपासून वसुमती दर शुक्रवारी एकच सांगत आली होती. ते उठून बसावेत. आणि माणसं गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून तेच मागत आली होती. प्रार्थना झाली की ज्याला त्याला आपल्या हातानं तुळजाजींना एक घास भरवायचा असे.

आजही ज्ञानम्मा घरून कांजी करून घेऊन आली होती. “आज मी पहिली हं! बघा कशी घटाघट पितात ते.”

तुळजाजींनी कांजीच्या भांड्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या पापणीतून पाणी कानाकडे ओघळलं. ते वसुमतीखेरीज कुणाला दिसलं नाही.

देवसहायम उपदेशियार चटईवर गुडघे टेकून बसले. “वसुमती अम्मा, काय मागू या?”

तिनं तुळजाजींच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं.

“सांग ना अक्का,” ज्ञानम्मा हळूच म्हणाली. “उठून बसावेत म्हण.”

वसुमतीनं भिंतीला हात टेकला. सगळी ओळखीची तोंडं वर होऊन तिच्याकडे बघत होती.

“नाही अय्या. ते पुरे म्हणालेत. मला म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि मी ते तुमच्यापासून लपवलं. तुम्ही इतकं करता, इतकं आणता… मला बोलवेना. पण त्यांना आता एक चमचासुद्धा सोसत नाही हो. मी तरी भरवते, आणि ते माझ्यासाठी तोंड उघडतात.” ती तुळजाजींच्या उशाशी बसली. “त्यांना उठव म्हणू नका अय्या. ने म्हणा.”