वर केलेलं बोट

मित्रांनो, माझ्याजवळ येऊन बोलणार असाल तर जरा जपून. मी न्यू कनान चर्चचा जुना माइक आहे, आणि माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही.

कारखान्यात कुणीतरी माझ्या तोंडावर जाळी बसवली, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि मला खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं अलाबामातल्या या गावात, काळ्या माणसांच्या या चर्चमध्ये. ते माझे सोन्याचे दिवस. पास्टरांचं प्रवचन साध्या बोलण्यात सुरू व्हायचं, हळूहळू सुरात शिरायचं, मागून ऑर्गन टेकू द्यायचा, आणि शेवटी शब्द कुठे संपला नि गाणं कुठे लागलं हे मलाही कळायचं नाही. समोरून दाद यायची, "सावकाश, पास्टर, सावकाश," म्हणजे घाई नको, मनसोक्त बोला. देव कसा दिसतो ते मला ठाऊक नाही, पण त्याचा श्वास माझ्या जाळीला लागलेला आहे.

संशयाची सवयही तिथेच लागली. माझी तार कोपऱ्यातल्या एका पेटीपर्यंत जाते. पेटीवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर चर्चचे कारभारी, डीकन लूशस, यांचा अंगठा असतो. साक्षीच्या वेळी, म्हणजे ज्यानं त्यानं उभं राहून आपलं सुखदुःख सांगायच्या वेळी, कुणी बाई नको ते दुःख सांगू लागली की अंगठा हळूच फिरतो. बाईला वाटतं, आपलाच गळा दाटला. लोकांनाही तेच वाटतं.

पुढे बिनतारी माइक आला आणि मी तळघरात गेलो. तिथे काही तरुण पोरं जमू लागली. कुजबुजणारी माणसं मला आवडत नाहीत, म्हणून मी कान टवकारले. त्यांच्यात मुलींवर प्रेम करणाऱ्या मुली होत्या, मुलांवर प्रेम करणारी मुलं होती. आपल्या शरीराचं, आपल्या मुलाबाळांचं कुणी ठरवायचं, यावर ती तावातावानं बोलत. वर मात्र गप्प बसत.

"या रविवारी साक्ष द्यायच्या वेळी मी उभी राहणार," इमारी म्हणाली.

"मदर ओझेलासमोर?" तिची जोडीदार डेझरी म्हणाली. मदर ओझेला म्हणजे आमच्या चर्चमधली सगळ्यात मानाची म्हातारी, भलीमोठी टोपी घालून पहिल्या बाकावर बसणारी. "तिची टोपीच आपल्याला खाऊन टाकील."

"खाऊ दे. मी गर्भपिशवीतल्या गाठी दाखवायला गेले, तर डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाकू. नाहीतरी तुला मुली आवडतात, तुला मूल कशाला हवंय?"

"पाळण्याचा रंगसुद्धा ठरलाय, ते सांगितलंस का त्याला?"

"तू ठरवलास. पिवळा. मी अजून हो म्हटलेलं नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. एकटी गेले तर घाबरून सही करीन. आपलं ऐकत नाहीत ते. कुणीतरी मोठं माणूस बरोबर हवं."

रविवारी नेमकी तिच्याच वेळी बिनतारी माइकची बॅटरी संपली. मला हे पटलं नाही. डेझरी धावत खाली आली आणि मला वर घेऊन गेली.

इमारीनं मला घट्ट धरलं. गाठींबद्दल बोलली तोवर बायका हुंकार देत होत्या. "मला मुली आवडतात," ती म्हणाली, आणि ऑर्गनसुद्धा थांबला. कोपऱ्यात अंगठा फिरला. तिचा आवाज माझ्यातच विरला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून पांढऱ्या कपड्यातली मदर ओझेला एक बोट वर करून उठली. आमच्यात प्रार्थना चालू असताना बाहेर जाणारा माणूस बोट वर करतो: माफ करा, मी निघालो. मागे बायकांनी निघायच्या तयारीत पर्सची बटणं लावली. ही आता सगळं चर्च उठवणार, असं मी धरूनच चाललो. डेझरीनं मान खाली घातली.

पण म्हातारी दाराकडे वळली नाही. बोट तसंच वर धरून ती कोपऱ्यात गेली आणि त्याच बोटानं डीकनच्या मनगटावर टकटक केलं.

"लूशस, अंगठा काढ. तुझी लंगोटं बदललीत मी."

मग ती इमारीशेजारी येऊन उभी राहिली.

"तुझ्याएवढी होते मी. अपेंडिक्स म्हणून गोऱ्या डॉक्टरनं पोट उघडलं आणि पिशवी काढून घेतली. मला कळलं लग्नानंतर. तेव्हा माझ्याबरोबर कुणी नव्हतं." तिनं श्वास घेतला. "तुझं त्या पोरीशी काय आहे, ते मला अजून नीट उमगत नाही बघ. पण दवाखान्यात मी येते. टोपी घालून येते."

"सावकाश, मदर, सावकाश," मागून कुणीतरी म्हणालं, आणि ऑर्गन पुन्हा लागला.

मदर ओझेला खरंच टोपी घालून दवाखान्यात गेली, आणि काही आठवड्यांनी एका रविवारी इमारी नि डेझरी आल्या. गाठी गेल्या होत्या, पिशवी होती. पाळणा पिवळाच, असं इमारीनं माझ्यासमोरच कबूल केलं.

मी अजून त्याच पेटीला जोडलेला आहे, आणि डीकन लूशस आता माझ्याकडे बघून फार गोड हसतात. ते मला आवडत नाही. तेव्हा मित्रांनो, मला पुसा, माझी तार पिळू नका, ओल्या तळघरात टाकू नका. आणि बोलता बोलता कुणाचा आवाज बसला, तर त्याच्या गळ्याकडे बघत राहू नका. उठा, आणि तार कुठे जाते ते बघून या.