फटाका आणि गोळी

मात्रोनाने फटाक्याचं काडतूस उडवलं, बंदुकीच्या नळीखालची सरकती मूठ मागे खेचून रिकामं टरफल बाहेर पाडलं आणि दुसरं काडतूस भरायचं सोडून, उघडी बंदूक उलटी करून नळीच्या तोंडाला डोळा लावला. डाव्या अंगठ्याचं नख तिने टरफल जिथून बाहेर पडतं त्या मागच्या खिडकीत धरलं होतं. नखावरचा उजेड नळीतून सरळ वर आला. नळी साफ होती. मग कुठे तिने बाहीवरच्या पट्ट्यातून गोळीचं काडतूस उपसलं, खिडकीतून आत टाकलं, मूठ पुढे ढकलली आणि चाकांवर गडगडत येणाऱ्या लाकडी अस्वलाच्या छातीत गोळी घातली.

"आठ सेकंद," परीक्षा घेणारा ब्रेंट म्हणाला. "पाचच्या आत हवं. आणि बाई, परत सांगतो, नळीत डोळा घालायचा नाही."

"उघडी, रिकामी बंदूक चावते का?"

"नियम आहे."

"कुठल्या अस्वलाने केला?"

रांगेतली मंडळी फिसकन हसली. ब्रेंट हसला नाही. तो मूळचा अलास्काचा नव्हता. चार वर्षांपूर्वी खालच्या राज्यांतून, मोठ्या शहरातून आला होता आणि चेष्टा अंगाला लावून घेत होता. कोडियाकबाहेरच्या या खडीच्या खाणीत दर मे महिन्यात ही परीक्षा व्हायची. नदीवर जाळीचा बांध घालून सामन मासे मोजणाऱ्या छावणीत एकाच्याच हाती बंदूक असते. अस्वल जवळ आलं की आधी फटाका, त्यानेही ऐकलं नाही तर गोळी. एकोणीस उन्हाळे ही बंदूक मात्रोनाच्या खांद्यावर होती. यंदा मासेमारी खात्याने घड्याळ आणलं. तीन वेळा चुकलं की उन्हाळाभर गावातल्या कारखान्यात माशांची मुंडकी उडवत बसायचं, आणि तिचं दोनदा चुकून झालं होतं.

तिची भाची फेव्हा जवळ आली. ती पहिल्याच फेरीत चार सेकंदांत पास झाली होती.

"मावशी, एकदाच नको ना बघूस. दोन्ही वेळा साफच होती की."

"सिमेऑनचीही शंभरदा साफ होती."

सिमेऑन म्हणजे मात्रोनाचा धाकटा भाऊ. फटाक्यामागची जाड चकती नळीत अडकून राहिली, त्याने घाईत मागून गोळी सोडली आणि नळी सोललेल्या केळ्यासारखी उलगडली. आता डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत पत्ते धरून तो लबाडी करतो आणि वर दात काढतो.

ब्रेंटने घड्याळ शून्यावर आणलं. त्याचा आवाज जरा उतरला.

"बाई, तुम्ही नेमबाज आहात, ते दिसतंय मला. पण धावतं अस्वल आठ सेकंद थांबणार आहे का?"

"धावत्या अस्वलाला मी फटाका दाखवतच नाही, बाळा. फटाका उभ्या अस्वलासाठी. धावत आलं तर पहिल्यापासून गोळी. तुझं अस्वल फटाका ऐकून मग धावायला लागतं, असं अस्वल मी अजून पाहिलेलं नाही."

"परीक्षा अशीच आहे."

"मग मीही अशीच आहे."

बोलली खरी, पण कारखान्यातली मुंडकी तिला नको होती. तिला नदी हवी होती. जूनमधलं थंड पाणी, बांधावर धडका देणारे मासे, पलीकडच्या काठावर पिल्लांना घेऊन बसणारी अस्वलीण, सगळं हवं होतं. तीन सेकंद वाचवले तर ते मिळत होतं. तिने फटाका भरला.

आवाज झाला, पण बद्द. फटाका जेमतेम अर्ध्या वाटेवर जाऊन फुटला. रांगेत कुणाला काही वाटलं नाही. लाकडी अस्वलाला ओढणारा दोर ताणला गेला, ते निघालं. मात्रोनाने मूठ मागे खेचली, बंदूक उलटी केली, नख धरलं.

उजेड आला नाही.

तिने बाहीकडे हातच नेला नाही. उघडी बंदूक खाली धरून ती उभी राहिली. लाकडी अस्वल खडखडत आलं आणि तिच्या गुडघ्यांना धडकून थांबलं.

"झालं," ब्रेंट चिडून म्हणाला. "अस्वलाने खाल्लं तुम्हाला."

"खाऊ दे." तिने बंदूक त्याच्या हातात कोंबली. "आता तू बघ. नियम मोड एकदाच."

त्याने आधी खिडकीत बोट घालून बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. नंतर त्याने साफसफाईची सळई मागवली. ती तोंडातून आत सारली, तर अर्ध्यावर अडली. दोनदा ठोकल्यावर खिडकीतून काळी चकती खडीवर पडली. फेव्हाने आपले दोन्ही हात खिशात घातले.

"चार वर्षं मी हे असंच शिकवतोय," ब्रेंट म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

त्याने यादी काढली. मात्रोनाच्या नावापुढे 'नापास' लिहिलं. तिने नजर हटवली नाही. मग त्याने वरच्या सहा नावांपुढचं 'पास' एकेक करून खोडलं. फेव्हाचंही.

"अहो, मी चार सेकंदांत..." फेव्हा म्हणाली.

"म्हणूनच." त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "सगळे उद्या परत. सकाळी आठला. बाई, नख कसं धरायचं ते तुम्ही दाखवा."

मात्रोनाने हातमोजे चढवले.

"नऊला," ती म्हणाली. "आठला मी कुणासाठीच उठत नाही."