कास्पर आजोबांचा डबा

माझे बाबा अबोल होते. निदान मला कळायला लागल्यापासून तरी. जेवताना मीठ हवं असलं तर ते मिठाच्या भांड्याकडे बघायचे आणि आई ते पुढे सरकवायची. त्यामुळे त्या दोघांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, चर्चच्या तळघरातल्या जेवणात, सेल्मर बाके कॉफीचा कप घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "या आर्विद हेगलंडएवढा वात्रट माणूस अख्ख्या आयोवात झाला नाही," तेव्हा मला वाटलं, म्हातारा दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलतोय.

पण सेल्मर आमचा शेजारी, बाबांना लहानपणापासून ओळखणारा. एकेक किस्सा निघाला. बाबा पाद्रीबुवांच्या शिंकेची नक्कल करायचे ती, त्यांनी वासराला बायकी टोपी घालून विक्रीला आणलं ते. लोक डोळे पुसत हसत होते. बाबा आपल्या कपात बघत बसले होते. मग सेल्मर म्हणाला, "आणि तो मळणीतला डबा..." त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली. तो खाली बसला. आई उठली आणि आधीच कापून ठेवलेला केक पुन्हा कापायला लागली.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी काकड्यांचं लोणचं घालायला बसलो होतो. मी विचारलं, "मळणीतला डबा म्हणजे काय गं?"

"सेल्मरला तोंड आवरता येत नाही," आई म्हणाली. बराच वेळ काकड्याच धूत राहिली. मग तिने सांगितलं.

आईचं माहेर आमच्या पूर्वेला दीड मैलावर. तिचे वडील कास्पर रायटर, जर्मन, कॅथलिक. आम्ही नॉर्वेकडचे, लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. आता माझ्या मुलांना हे सांगितलं तर ती विचारतात, "मग काय झालं?" १९३६ साली मात्र फार काही झालं. आईने आमच्या चर्चमध्ये लग्न केलं. माहेरचं कुणी आलं नाही. आजोबांनी निरोप तेवढा पाठवला: "त्या घरात मी घास खाणार नाही."

माणूस शब्दाचा पक्का. पण ओटची मळणी सावडीने व्हायची. बारा शेतं, मळणीयंत्र एक. ज्याच्या शेतावर यंत्र लागेल तिथे बाकीचे अकरा आपापल्या गाड्या-घोडे घेऊन जायचे आणि दुपारी त्या घरची बाई सगळ्यांना जेवायला घालायची. सावडीत धर्म बघून चालत नाही. बाबा आजोबांच्या शेतावर जायचे, त्यांच्या टेबलावर जेवायचे. आजी, वाल्बुर्गा तिचं नाव, त्यांना न बोलता दुसऱ्यांदा वाढायची आणि निघताना त्यांच्या गाडीत आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी ठेवायची, लेकीसाठी.

आजोबाही आमच्याकडे यायचे. दिवसभर पेंढ्या वाहायचे, कुणापेक्षा कमी नाही. दुपारी सगळे अंगणातल्या झाडाखाली हातपाय धुऊन घरात शिरले की ते आपल्या गाडीच्या सावलीत बसायचे आणि आजीने भरून दिलेला पत्र्याचा डबा उघडायचे. घर तिथून चाळीस पावलांवर. आत आई उकडलेले बटाटे, कोंबडी, घरचा पाव, दोन प्रकारचे ॲपल पाय वाढत असायची. वडिलांचं ताट ती दर वर्षी मांडायची. दर वर्षी ते कोरडंच उचलायची.

"दहा वर्षं," आई म्हणाली. "तुझे बाबा त्यावरही थट्टा करायचे. म्हणायचे, आमचे सासरेबुवा पोपसारखे एकटेच जेवतात. सगळे हसायचे. मीही हसायचे. त्याने तेवढं हसवलं नसतं तर माझं काही खरं नव्हतं."

१९४६ च्या मार्चमध्ये आजी गेली. आई एकटीच गेली, त्यांच्या चर्चमध्ये सगळ्यांत मागे उभी राहिली. शवपेटीमागून आजोबा बाहेर निघाले, तिच्याजवळ क्षणभर थांबले, तिच्या बुटांकडे बघितलं आणि पुढे गेले. ती एवढ्यावरही खूश होती. थांबले तरी.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे मळणी लागली. दुपारी माणसं हात धुवायला आली. बाबा रांगेत पुढे, तोंडाला साबण, नेहमीसारखी टवाळी चाललेली. मागे वळून बघतात तर आजोबा. टोपी काढलेली, बाह्या वर केलेल्या, घमेल्यापाशी उभे. हातात डबा नाही.

बाबा बोलून गेले, "काय सासरेबुवा, आज डबा भरायला कुणी नाही वाटतं?"

दोघेतिघे हसले. मग हसणं बंद झालं, कारण आजी जाऊन पाच महिने झाले होते आणि डबा भरायला खरंच कुणी नव्हतं.

आजोबांनी हात धुतले. टॉवेलला पुसले, टॉवेल नीट घडी करून खिळ्याला अडकवला. गाडीकडे गेले. दुपारभर उपाशी राहिले आणि संध्याकाळपर्यंत पेंढ्या वाहिल्या.

आई स्वयंपाकघरात होती. तिला काही दिसलं नाही. कुणी सांगितलंही नाही. पुढच्या वर्षी दोघाचौघांनी कापणी-मळणीचं नवं यंत्र घेतलं. सावड मोडली. आजोबांना आमच्याकडे यायचं कारणच उरलं नाही. १९४९ च्या फेब्रुवारीत ते गेले.

"त्यांना पुरून आम्ही घरी आलो," आई म्हणाली. "तू दोन वर्षांची. मी म्हटलं, एकदा तरी आत जेवायला आले असते तर. तेव्हा आर्विद बोलला. सगळं बोलला. शब्दन्‌शब्द."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तू आत येऊन जेवलास. ॲपल पाय दोनदा वाढून घेतलास. मला आठवतंय, कारण मला बरं वाटलं होतं."

"मग?"

"मग काय, दूध काढायला गेले. गायी थांबतात होय?"

तिने बरणीत शेपूची काडी खोचली, झाकण घट्ट केलं.

"मी त्याला पुन्हा कधी टोचलं नाही, वर्ना. देवाशपथ. पण तो काही गमतीचं बोलला की मला हसू यायचं नाही. मी प्रयत्न करायचे. बोलून झालं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. नंतर बोलायच्या आधीच बघायला लागला. मग एक दिवस बोलायचंच बंद झालं. मला दिसत होतं सगळं. म्हणायचे, उद्या सांगेन त्याला, झालं ते झालं, आता पुरे. उद्या, उद्या करता इतकी वर्षं गेली."

"मग आज सांग ना."

"आता कसलं सांगू? त्याला आता असंच राहायची सवय झाली." तिने पुढची बरणी ओढून घेतली. "मलाही झाली."

मी त्यावर काही बोलायला हवं होतं. दोघांना एका टेबलाशी बसवायला हवं होतं. आमच्या घरात असं कुणी कुणाला बसवत नाही. मी बरण्या पुसून फळीवर लावल्या आणि घरी गेले.

आई १९९३ च्या हिवाळ्यात वारली. शेवटचे आठ दिवस बाबा खाटेशेजारच्या खुर्चीतून हलले नाहीत. काही बोलले का, मला माहीत नाही. मी खोलीत असताना तरी नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मका पेरून झाल्यावर बाबांनी फोन केला. "गाडी घेऊन ये. कॅथलिकांच्या स्मशानात जायचंय." ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि दीड मैल पलीकडच्या त्या फाटकातून एकदाच, आजोबांच्या दफनाला, आत गेले होते.

दगड सापडायला वेळ लागला. सगळे रायटर जवळजवळ होते आणि अक्षरं जर्मन वळणाची. शेवटी मिळाला. कास्पर आणि वाल्बुर्गा, एकाच दगडावर. बाबांनी टोपी काढून माझ्याकडे दिली, माझा खांदा धरून गुडघे टेकले आणि दगडाभोवतीचं गवत उपटायला लागले. सावकाश, मुळापासून. मी मदतीला वाकले तर हाताने नको म्हणाले.

गवत संपल्यावर ते दगडावरचे आकडे वाचत राहिले. जन्म १८८३. मृत्यू १९४९. ओठ हलत होते.

"सहासष्ट," ते म्हणाले. "फक्त सहासष्ट वर्षांचे होते गं. मी त्यांना म्हातारा समजत होतो. म्हटलं, म्हाताऱ्याला कसलं लागतंय."

मी हात दिला. त्यांना उठायला बराच वेळ लागला. गाडीत बसल्यावर त्यांनी तळहाताला लागलेली माती खिडकीबाहेर झटकली.