कापसात गुंडाळलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. वाजणं एवढंच माझं काम. आणि वेळ आली तर तेच आपल्याला जमणार नाही, या भीतीत मी बरेच दिवस काढले.

एका लहान कारखान्यात पत्रा वाकवून, डाग देऊन मला बनवलं. तिथून मी शाळेत खेळ शिकवणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात आले. त्यांनी फुंकलं की अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं. घरी पानं वाढली की त्या मलाच वाजवायच्या. त्यांचे यजमान धावत यायचे. "आलो गं, आलो! बाद करू नकोस!"

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. यजमानांनी मला पुसून कापसात घट्ट गुंडाळलं आणि डबीत ठेवलं. शेवटची फुंकर बाईंची होती, म्हणून कुणालाच वाजवू दिलं नाही. पुढे मुलगी शिकायला परदेशी निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

"आईची आहे. कुणी आडवं आलं तर जोरात वाजव. उगाच नको."

पण कापसाचा बोळा माझ्या तोंडात रुतून बसला होता. त्या दोघांना तो दिसला नाही, आणि मला सांगता येत नव्हतं.

परक्या शहरात सगळ्या गल्ल्या तिला सारख्याच दिसायच्या. मागे पाऊल वाजलं की कोटाच्या खिशात तिची मूठ माझ्याभोवती आवळायची. ती माझ्या भरवशावर चालत होती, म्हणून मला जास्तच भीती वाटायची.

"शेजारीपाजारी कोण राहतं गं?" बाबा फोनवर विचारायचे.

"माहीत नाही, बाबा."

"अगं, निदान एका माणसाशी तरी बोल."

म्हणून ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत बोलायला लागली. तिथली म्हातारी मालकीण दुकानाच्या वरच राहायची; मुलगी तिला आजी म्हणायची.

"खिशात पिल्लू पाळलंयस का? हात कधी बाहेरच काढत नाहीस!" आजी म्हणाली. त्या शहरात मुलगी पहिल्यांदा हसली.

एका सुट्टीच्या दुपारी दुकानं बंद होती. बसथांब्यापासून एक माणूस तिच्या मागे लागला. ती वळली, तोही वळला.

"थांब ना, एवढी कसली घाई?"

तिने मला ओठांना लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. नुसती हवा फुसफुसली. तो हसला आणि जवळ आला. ती धावत सुटली, लाँड्रीच्या शटरवर मुठी आपटून ओरडली, "आजी!"

वरची खिडकी धाडकन उघडली. आजीच्या हातात इस्त्री होती.

"कोण रे तू? ये वर, कपड्यांसकट इस्त्री करते!"

आणखी दोन खिडक्या उघडल्या. तो माणूस पळाला.

आजीने तिला वर घेतलं, मला उजेडात धरून पाहिलं आणि टाचणीने माझ्या तोंडातला कापूस ओढून काढला. मुलीने बाबांना फोन लावला आणि मला फुंकलं. पलीकडून बाबांचा आवाज आला, "आलो गं, आलो."

त्या गल्लीतून जाताना ती अजून घाबरते, आणि मीही. पण आता घराबाहेर पडण्याआधी ती मला एकदा वाजवून बघते. मित्रांनो, कुणाची आठवण म्हणून एखादी वस्तू जपली असेल, तर तिचं तोंड बंद करू नका. अधूनमधून तिला तिचं काम करू द्या.