तीनातले दोन

माही पोरगी प्रणोती सकाळपासून फोन उचलून नव्हती राहिली, अन आमच्या घरी प्रार्थनासभा! रद्द करा म्हटलं, तर आमचे हे, म्हणजे जगदीश, कारखान्यातून रिटायर झाल्यापासून देवाचे मॅनेजर झालेले, म्हणतात, "असं कसं? आपल्या रांझी मोहल्ल्यातली सगळी मंडळी येऊन राहिली. देवाच्या कामाला कोणी नाही म्हणते का?" मी पोहे भिजवले.

प्रणोती इस्रायलात आहे, एका यहुदी म्हातारीला सांभाळते. रिव्का आजी नाव तिचं. पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीतच असते. हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळी बिल्डिंग तळघरात पळते, अन माही पोरगी आजीला खुर्चीसकट जिन्यात ओढते, कारण तेव्हा लिफ्ट वापरता येत नाही. "तू तरी पळत जाय न व," मी एकदा म्हटलं. "अन तिला कोणाच्या भरवशावर टाकू, आई?" म्हणे.

त्या दिवशी टीव्हीवर त्यांच्याच शहराचं नाव. एक इमारत अर्धी खाली आलेली, एक बाल्कनी लोंबकळत होती. मी त्या बाल्कनीत प्रणोतीचे कपडे वाळत आहेत का ते पाहत होते. कांदा अर्धा चिरलेला तसाच राहिला.

संध्याकाळी मंडळी आली अन सगळ्यांच्या तोंडावर लग्नघराचा उत्साह. आमच्या चर्चचे पाळक अच्युत भैया विजय नगरातून मोटारसायकलनं आले. माणूस वाईट नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात बाकड्यावर झोपला होता बिचारा. पण शास्त्र उघडलं की त्याला समोरचं माणूस दिसत नाही.

"घाबरू नका, आनंद करा!" तो म्हणाला. "यहुदी म्हणजे देवाची निवडलेली प्रजा. हे युद्ध तो होना ही था, शास्त्रात लिहिलेलंच आहे. शेवटी त्यांच्यातले तीनातले दोन मरून जातील, उरलेला एक प्रभूला ओळखेल. अन मग प्रभू परत येईल!"

"हालेलुया!" शेजारच्या चंपाबाईनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. आमच्या ह्यांनी पण.

माझ्या हातात चहाचा ट्रे. डोकं असं सणकलं! "भैया, आजी कोणत्यात?"

"कौन सी आजी, दीदी?"

"रिव्का आजी. जाणाऱ्या दोघांत का उरणाऱ्या एकात? अन तिची खुर्ची ओढणारी माही पोरगी कोणाच्या हिशेबात धरली तुम्ही? अन सीमेच्या पलीकडची लेकरं मरून राहिली, ती तर हिशेबातच नाही!"

"अगं, चूप," जगदीश म्हणाले.

"काहून चूप? त्यांच्यावर प्रेम करा म्हणता, अन त्यांच्या मरणावर टाळ्या वाजवता! ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाप्पा!"

अच्युत भैया खाली पाहत म्हणाला, "दीदी, मी थोडीच लिहिलं ते." तेवढ्यात फोन वाजला. प्रणोती! मी ट्रे ठेवेपर्यंत जगदीशनंच उचलून स्पीकरवर टाकला.

"आई, आम्ही ठीक आहो. बाजूची बिल्डिंग पडली. सकाळपासून तळघरात होतो, फोन वरच राहिला होता, आता वर आलो."

मी रडायलाच लागले. "परत ये न व, माय!"

"कशी येऊ? विमानं बंद आहेत." मागून म्हातारी काहीतरी बोलली. प्रणोती म्हणाली, "आजी विचारून राहिली, तुझ्या आईकडे आज चर्चवाले येणार होते न, त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली का? हो सांगू?"

खोलीत कोणी मान वर करेना. चंपाबाई पदराशी चाळा करत बसली.

"खोटं नको सांगू," मी म्हटलं. "थांब, आता करतो." अन मोठ्यानं म्हणाले, "देवा, तसं लिहिलं असशील तर खोडून टाक. ती म्हातारी, माही पोर, पलीकडची लेकरं, सगळ्यांना जगव. एकालाही जाऊ देऊ नको."

"आमेन" पहिलं आलं ते फोनमधून, म्हातारीचं, कापऱ्या आवाजातलं. तिला मराठीतलं एक अक्षर कळलं नसेल.

मग तिकडे भोंगा वाजायला लागला. "आई, जिन्यात जातो—" अन फोन कटला.

"दीदी," अच्युत भैया फोन माझ्या हातात देत म्हणाला, "लावा ना पुन्हा. जल्दी लावा ना."