शकूबाईंनी निवडलेली

"मावशी, तुम्ही फक्त दारात बसा. सूप हातात असलं म्हणजे झालं," पृथ्वीराज म्हणाला आणि हमालांना पोती कुठे लावायची ते सांगायला आत गेला.

शकूने सूप मांडीवर घेतलं. त्यातली तूरडाळ मशीनवर निवडून चकाकून आलेली. पाखडण्यासारखं काही नव्हतं. तरी ती सूप हलवत राहिली.

लग्नानंतर कात्रजहून ती पहिल्यांदा मार्केट यार्डात तात्यारावांच्या दुकानी आली, तेव्हा निवडणाऱ्या बायकांची रांग पायरीपासून गोदामापर्यंत असायची. सोलापूर, लातूरकडची डाळ यायची आणि तिच्यासोबत तिथल्या रानांतले खडे, काड्या, माती. पुढे म्यानमारचा माल यायला लागला, मागून आफ्रिकेचा. तूर मुंबईच्या बंदरात उतरायची, गिरणीत तिची डाळ व्हायची आणि दुकानात पोचेपर्यंत निवडायला काही उरायचं नाही. बायका एकेक करत धुण्याभांड्याला लागल्या. शकूला तेवढं तात्यारावांनी ठेवून घेतलं, कारण गिऱ्हाईक तिला ओळखत होतं. बिबवेवाडीतल्या कितीतरी घरांत वर्षाची डाळ 'शकूबाईंनी निवडलेली' म्हणूनच जायची.

यंदा तात्याराव थकले आणि कारभार मुलाकडे, पृथ्वीराजकडे गेला. त्याने आफ्रिकेच्या तुरीची डाळ कोऱ्या पोत्यांत भरून वर 'सोलापूर गावरान' असा शिक्का मारायला सुरुवात केली.

ती सूप घेऊन दारात बसली, त्याच दुपारी जुन्या गिऱ्हाईक ललिताबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, जिभेला धार.

"काय शकूबाई, सोलापूरचीच ना? की हल्ली सोलापूर समुद्रापलीकडे गेलंय?"

शकूची नजर सुपात होती. "सोलापूरचीच, बाई."

"मग द्या." ललिताबाईंनी डाळ हातात घेऊनही पाहिली नाही.

ते न पाहणंच शकूला लागलं. संध्याकाळी घरी जाताना तिने तीच डाळ पदरात बांधून नेली. सुनेने, अक्षताने, आमटी केली. दोघी जेवायला बसल्या.

"आई, चांगली शिजली की. नवी आणली का?"

"हं," शकू म्हणाली. डाळ खरंच चांगली होती. तिने मात्र पुन्हा आमटी वाढून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज मोबाइलमध्ये बाजाराची बातमी वाचत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, ही तूर येती कुठनं?"

"मोझांबिक, टांझानिया. असल्या गरीब देशांकडून आधी आपण कितीसा माल घ्यायचो? आता बघा, त्यांचा वाटा वाढतच चाललाय."

"गरीब हाईत व्हय ते?"

"मग काय!"

"म्हंजी आपल्यावानीच की. तिथंबी कुनी बाईमानसानंच झोडपली आसंल. मग तिचं नाव का पुसायचं? डाळ चांगली हाय. हाय ते नाव लिवा आन् इका."

पृथ्वीराजने मोबाइल खाली ठेवला. "मावशी, मोझांबिक म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. तुम्हाला दारात कशासाठी बसवलंय, ते कळतंय ना?"

कळत होतं. भिंतीपाशी बसलेल्या तात्यारावांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. शकू दारात जाऊन बसली.

आठवड्याने ललिताबाई पुन्हा आल्या. सोबत शेजारीण होती. "हिलाही द्या. मी सांगितलंय हिला, दुसरीकडे जाऊच नकोस."

शेजारणीने पिशवी पुढे केली. शकू उठली.

"बाई, ही म्या निवडल्याली न्हाई. सोलापूरची बी न्हाई, आफ्रिकेची हाय. चांगली हाय, म्या खाल्लीया. पन म्या निवडल्याली न्हाई."

ललिताबाईंनी शेजारणीची पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. "आणि मी नेली ती?"

"तीबी हीच. खोटं बोलले मी."

त्या काहीतरी लागट बोलतील, असं शकूला वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या, शेजारणीची रिकामी पिशवी घडी करून तिच्या हातात दिली आणि दोघी निघून गेल्या.

पृथ्वीराजने आवाज चढवला नाही. दुकानात कुणी नाहीसं बघून तो म्हणाला, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

तिने सूप भिंतीला टेकवलं, चपला घातल्या. यार्डाचं फाटक ओलांडताना मागून काठीचा आवाज आला. तात्याराव धापा टाकत येत होते. दोघं थांब्यावर उभे राहिले.

"कात्रजची बस इथंच थांबते ना?" त्यांनी विचारलं. ती कुठून येते, कशी येते, हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"थांबती."

"गर्दी असेल."

"आसती, शेठ."

तात्याराव पुढे काही बोलायच्या आत बस आली. शकू चढली. बस वळताना तिने खिडकीतून पाहिलं. तात्याराव पार रस्त्यावर उतरले होते. मागे पोत्यांनी भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत होता आणि त्यांना बाजूला व्हायचंही सुचत नव्हतं.