पंच क्रमांक एक

“भावकू, तूच बोल बाबा. तुला वळखत्यात हितं,” नागूबाई हळूच म्हणाली आणि हरकतीचा कागद तिनं धाकट्या भावाच्या हातात दिला.

पट्टण पंचायतीच्या, म्हणजे तिथल्या नगरपंचायतीच्या, कचेरीत भावकू खरोखरच ओळखीचा होता. तंबाखूच्या वखारीत चौतीस वर्षं काट्यावर काढून तो घरी बसला, आणि तेव्हापासून कचेरीसमोरच्या चहाच्या गाड्यावर त्याची सकाळ जाई. पंचनाम्याला पंच हवा असला की शिपाई तिथूनच हाक मारी, “भावकू अण्णा, या जरा!” मग आत खुर्ची मिळे, चहा येई. वखारीत त्याला कुणी कधी ‘बस’ म्हटलं नव्हतं.

“साहेब, ही माझी थोरली भन,” तो नागेंद्रला म्हणाला. नागेंद्र महिन्याभरापूर्वी बदलून आलेला कारकून होता. “निपाणीस्नं येती. हितल्या बाजारात बँकेच्या भितीला टेकून एकतीस वर्षं संकेश्वरी मिरची इकती. आता बाजाराचा नवा कायदा करताय म्हणं. रस्त्यावर कुणी बसायचं न्हाय, आन आवारातल्या चाळीस जागा लिलावानं. ही म्हातारी लिलावात काय बोलणार? तेवढं तिचं म्हणणं घ्या की लिहून.”

नागेंद्रनं कागद दोनदा वाचला. पोरगा सरळ होता. आधी त्यानं नागूबाईला बसायला लावलं.

“आक्का, मसुदा भिंतीवर लावला की तीस दिवस हरकती घ्यायच्या असतात. ते तीस दिवस गेल्या सोमवारी संपले. एकही हरकत आली नाही, म्हणून सभेनं मंजूर करून टाकलं. एन माडूदु, काय करायचं? आता माझ्या हातात काय राहिलंय?”

“कंच्या भितीवर?” नागूबाई म्हणाली. “दवंडी न्हाय, कागुद न्हाय. कोथमीरवाल्या जयाबाईला दिसला न्हाय, मला न्हाय. आक्ख्या बाजारात कुणालाच कसा दिसला न्हाय?”

“व्हय तर!” भावकूचाही आवाज चढला. “दाखवा फाइल! लोकांनी वाचावं म्हणून मुदत द्यायची, आन कागुदच लपवायचा व्हय?”

नागेंद्रनं फाइल काढली. “हे बघा. बाजारात बँकेच्या भिंतीवर मसुदा चिकटवला, त्याचा पंचनामा.” कन्नड अक्षरांवर बोट ठेवून तो मराठीतून सांगत होता. “पंच क्रमांक एक, भावकू नागोजी चौगुले.”

बापाचं नाव ऐकून नागूबाईनं मान वर केली.

भावकूला ती दुपार आठवली. शिपायाच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. “खळ संपलीया, अण्णा. उद्या लावतो. तुमी सही तेवढी करून ठिवा.” कसला कागद, हे त्यानं विचारलंही नव्हतं. चहा निवायच्या आत सही करून तो मोकळा झाला होता. पुढं ती गुंडाळी कपाटावर पडलेली त्यानं दोन-तीनदा पाहिली होती. रोजच तर येत होता तो.

“तुम्हीच ना, अण्णा?” नागेंद्रनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. “कागद लागला नसेल तर तसं लिहून द्या. ठराव वर पाठवायचा अजून राहिलाय, साहेब थांबवतील. फक्त न बघता सही केली, असं तुम्हाला लिहावं लागेल.”

दारात शिपाई उभा होता. बाकावरची दोन माणसं इकडंच बघत होती.

“ते... म्हंजे...” भावकूनं शिपायाकडं बघितलं.

नागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

“लावला असंल की,” ती म्हणाली. “भित माझ्या पाठीमागं. म्या गिऱ्हाइकाकडं बघू का भितीकडं? आन आता डोळं तरी कुठं ऱ्हायल्यात? लांबचं कायबी दिसत न्हाय.”

आता बोलायला हवं होतं. ‘न्हाय साहेब’, दोनच शब्द. भावकू आपल्या चपलांकडं बघत राहिला. नागेंद्रनं फाइलची नाडी बांधली.

बाहेर येऊन दोघं फाट्यावर उभी राहिली. ऊन चढलं होतं. ऊसतोडीच्या गाड्यांनी रस्ताभर धूळ केली होती.

“आक्का...” भावकू म्हणाला.

“जेवून जा म्हणू नगंस. तिकडं घरात माझी सून वाट बघत असंल.”

तो आणखी काही म्हणणार, तोच तिनं कपाळाशी हात धरला आणि धुळीपलीकडं पाहिलं.

“निपाणी गाडी आली,” ती म्हणाली. “चिकोडीवरनं आलीया. पाटी बघ की.”

भावकूला अजून नुसता ठिपका दिसत होता. नागूबाईनं पदर खोचला, रस्त्याच्या कडेला गेली आणि गाडीला हात केला.